बोअरच्या तळाशी किती वाजले

शेंदूरजनाघाटच्या शिवारात हजार फुटांच्या बोअरचे आता कुणाला नवल उरलेले नाही. उन्हाळ्यात संत्र्याची बाग जगवायची तर खाली जावेच लागते, आणि वरूड-मोर्शीच्या या पट्ट्यात पाणी वर्षागणिक खालीच चालले आहे. अशा एखाद्या बोअरच्या तळाशी अचूक घड्याळ सोडले आणि तसेच दुसरे वर केसिंगच्या तोंडाशी ठेवले, तर तळाचे घड्याळ मागे पडत जाईल. घड्याळात दोष नसेल. पृथ्वीच्या केंद्राकडे जितके उतरावे तितका काळच सावकाश चालतो. आइनस्टाइनने हे १९०७ मध्ये ताडले आणि १९१५ मध्ये त्याचे पुरते गणित मांडले.

हिशेब वहीत करून पाहण्याजोगा आहे. एक मीटर खाली उतरले की काळाची चाल एकावर सोळा शून्ये इतक्या भागांतल्या साधारण एका भागाने घटते. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख. गुणाकार केला की वर्षाला एक मायक्रोसेकंद येतो, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. फारच थोडा, पण शून्य नाही. हे टिपण मी त्या ‘शून्य नाही’साठीच लिहितो आहे.

*

हे एका बागायतदारांना सांगत होतो. बोअर त्यांचाच. त्यांनी लगेच विचारले, “मंग सर, मोटर खाली अन् स्टार्टर वर. दोघायचं जमते कसं?”

प्रश्न पक्का आहे. वीज सेकंदाला ५० आवर्तनांनी वाहते. वरून निघालेले प्रत्येक आवर्तन केबलमधून तळाशी पोहोचतेच, वाटेत एकही गहाळ होत नाही. आवर्तने तितकीच, पण खालचा सेकंद लांब. म्हणून तळाच्या घड्याळाने मोजले तर मोटरला सेकंदाला पन्नासाहून किंचित जास्त आवर्तने मिळतात. हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का या दोघांनी १९६० मध्ये नेमके हेच पाहिले. साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात लोह-५७ च्या अणुकेंद्रातून निघणारे गॅमा किरण वरून खाली सोडले, तर तळाशी त्यांची कंपनसंख्या वाढलेली आढळली, आणि गणिताने सांगितली होती तेवढीच.

बागायतदार थोडा वेळ थांबून म्हणाले, “म्हंजे खालच्याले वरचं सारं थोडं घाईत दिसते.” वर्गात मी आता हेच वाक्य वापरतो.

*

पृथ्वीचा गाभा तिच्या पृष्ठभागापेक्षा वयाने लहान आहे. सुमारे अडीच वर्षांनी. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या घरात असल्यामुळे हा फरक साचून एवढा झाला. फाइनमन यांच्या नावावर हा फरक ‘एक-दोन दिवसांचा’ म्हणून छापला जात असे आणि त्यांचे नाव मोठे असल्याने कुणी हिशेब तपासला नाही. डेन्मार्कमधल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी तो २०१६ मध्ये नव्याने केला, तेव्हा दिवसांच्या जागी वर्षे आली.

*

कंटाळा आला की वेळ जात नाही, गप्पांत रमलो की कळत नाही, म्हणजे वेळ सापेक्षच, असे भाषणांतून नेहमी ऐकतो. तो अनुभव खरा आहे, पण तो मनाचा आहे. भौतिकशास्त्रातल्या काळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्युऑन नावाच्या कणाला मन नसते, तरी त्याचा काळ लांबतो.

*

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच वजनदार भाऊबंद, २०७ पट जड. अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा साधारण १५ किलोमीटर उंचीवर हे कण जन्मतात. आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. म्हणजे आमच्या बोअरच्या तळाचे घड्याळ दोन वर्षांत जितके मागे पडते, साधारण तितकेच.

एवढ्या आयुष्यात प्रकाशाच्या वेगाने धावले तरी ६६० मीटरच कापले जातात. पंधरा किलोमीटर उतरायला ५० मायक्रोसेकंद लागतात. आयुष्याच्या तेवीसपट. काळ सर्वांचा एकच असता तर जमिनीपर्यंत काहीशे कोटींतला एखादा म्युऑन पोहोचला असता. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक या हिशेबाने ते बरसत असतात. आमच्या पन्हेरीत उकिडवा बसून जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणाऱ्या माणसाच्या उघड्या पंजातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. पंजातून जातो, खुंटातून जातो, पिशवीतल्या मातीत शिरतो.

तो पोहोचतो, कारण त्याचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते. वेग प्रकाशाच्या ९९.८ टक्के धरला तर सुमारे सोळा पटींनी. त्याचे २.२ मायक्रोसेकंद आपल्याला ३५ दिसतात, आणि वाटेतली ऊर्जेची घट बाजूला ठेवली तर चारांतला एक खाली येतो.

म्युऑनला विचारले तर तो काही वेगळेच सांगेल. माझे आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, पण तुमची हवाच जेमतेम साडेनऊशे मीटर जाड आहे, ती मी ओलांडली. दोघांचे हिशेब वेगळे, निकाल एक: तो पंजातून गेला. विद्यार्थ्यांनी सापेक्षतेतले हे एवढे जरी नीट धरून ठेवले तरी पुढचे बरेच सोपे जाते.

*

हे पहिल्यांदा लिहिले कुणी? मुंबईच्या होमी भाभांनी. १९३८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तेव्हा ते केंब्रिजमध्ये होते. ‘नेचर’मधल्या एका छोट्या टिपणात त्यांनी म्हटले की हा अल्पायुषी कण स्वतःच एक घड्याळ आहे, आणि म्हणून निव्वळ सापेक्षतेच्या विचारानेच ठरते की तो धावत असताना त्याचे विघटन लांबणार. तोवर काळ लांबण्याची गोष्ट आगगाड्या आणि काल्पनिक घड्याळांच्या उदाहरणांनी समजावली जात होती. भाभांनी निसर्गातच बांधलेले घड्याळ दाखवून दिले. त्यांच्या मनात होता तो युकावाने भाकीत केलेला कण. विश्वकिरणांत सापडलेला कण दुसराच, म्हणजे म्युऑन, हे पुढे १९४७ मध्ये उलगडले. तर्काला त्याने बाधा आली नाही.

१९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोत मोजमाप केले. डेन्व्हर शहर, आणि त्याच्याहून सुमारे १,६०० मीटर उंचावरचे एको लेक. भाभांचे म्हणणे खरे ठरले.

अणुऊर्जा, ट्रॉम्बे, टाटा मूलभूत संशोधन संस्था या संदर्भात भाभांचे नाव आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते. हे टिपण मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. सापेक्षतेचा धडा शिकवताना रॉकेटमधल्या जुळ्या भावांआधी हे यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. जुळे भाऊ रॉकेटमध्ये कधी बसले नाहीत. म्युऑन रोज येतात.

*

जुळ्यांचे कोडे म्हणतात ते तरी काय आहे? एक घरी राहतो, दुसरा वेगाने दूर जाऊन परत येतो, तो तरुण राहतो. पण दोघांनाही दुसराच चालताना दिसतो, मग वय कुणाचे कमी? शेंदूरजनाघाटहून वरूडला एक गाडी सरळ रस्त्याने जाते, दुसरी आडवाटेने फिरून. दोन्ही एकाच स्टँडवर पोहोचतात, मीटरवर किलोमीटर वेगळे पडतात, आणि कुणी त्याला कोडे म्हणत नाही. काळाच्या बाबतीत उलट एवढेच की सरळ राहणाऱ्याच्या मीटरवर जास्त पडते. घरी राहिलेला जास्त म्हातारा होतो.

वळताना बसणाऱ्या हिसक्यामुळे हे होते, असे पुष्कळ जण समजतात. सर्न प्रयोगशाळेतल्या कड्यात १९७७ मध्ये म्युऑन गोल-गोल फिरवले. त्यांच्यावरचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या एकावर अठरा शून्ये इतक्या पटींचे होते. आयुष्य वाढून ६४.४ मायक्रोसेकंद झाले, फक्त वेगाने वाढायला हवे तेवढेच. हिसक्याचा वाटा काहीच निघाला नाही. महत्त्व हिसक्याला नाही, वाटेला आहे.

*

एस.टी. चालवणारा माणूस. तीस वर्षे, रोज आठ तास, ताशी साठचा वेग धरू. घरी बसलेल्यापेक्षा त्याचा काळ नोकरीभरात अर्ध्या मायक्रोसेकंदाने कमी गेला. ही नुसती कागदावरची करमणूक नव्हे. अमेरिकेतल्या प्रमाणन संस्थेने २०१० मध्ये प्रकाशीय घड्याळांनी ताशी ३६ किलोमीटरच्या आतल्या वेगाला काळ मंदावताना मोजला, आणि त्याच प्रयोगमालेत एक घड्याळ फक्त ३३ सेंटिमीटर उचलून ते पुढे गेल्याचेही मोजले. २०२२ पर्यंत ही अचूकता एका मिलिमीटरपर्यंत आली. उभे राहिले की डोक्याचा काळ आणि पायाचा काळ वेगळा, हे आता मोजलेले सत्य आहे.

*

सुनीता विल्यम्स तिन्ही मोहिमा मिळून ६०८ दिवस अवकाशात होत्या. स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, उंची ४०० किलोमीटर. वेगामुळे घड्याळ मागे पडते, उंचीमुळे पुढे जाते. इतक्या कमी उंचीवर वेगाचे पारडे जड. जमा-खर्च मांडला की त्या आपल्यापेक्षा सुमारे १५ मिलिसेकंद कमी जगल्या.

आणखी वर गेले की पारडे फिरते. पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,२०० किलोमीटरवर, दोन्ही परिणाम एकमेकांना फेडतात. तिथे वर्तुळाकार कक्षेत फिरणारे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाबरोबर चालते. त्याच्या वर गेलेली सगळी घड्याळे आपल्यापुढे धावतात.

*

धुऱ्याचे भांडण वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालते. आता मोजणीला साखळीऐवजी रोव्हर येतो. काठीवर बसवलेली ती पांढरी छत्री उपग्रहांचे संदेश पकडते, आणि धुरा कुठे हे सांगते. ती सांगू शकते, कारण वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या घड्याळांचा काळ आधीच दुरुस्त केलेला आहे. जीपीएस उपग्रहाचे घड्याळ वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते आणि उंचीमुळे ४५ पुढे जाते. वजाबाकी ३८. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो.

सापेक्षता विसरलो तर दिवसाला अकरा किलोमीटरची चूक होईल, असे मग सरसकट लिहिले जाते. इतके ते सरळ नाही. सगळे उपग्रह सारखेच पुढे धावले तर फोनच्या समीकरणात त्यातला बराच भाग वजा होऊन जातो. वजा होत नाही ते वेगळेच. कक्षा तंतोतंत गोल नसते, त्यामुळे एकाच फेरीत उपग्रह कधी थोडा जवळ आणि वेगात, कधी थोडा दूर आणि संथ असतो. हा फेरीगणिक बदलणारा फरक प्रत्येक उपग्रहाचा निराळा. तो दहा-वीस नॅनोसेकंदांचा, जमिनीवर काही मीटरांचा. अकरा किलोमीटरवरून भांडण होत नसते, काही मीटरांवरूनच होते.

*

१९७७ च्या जून महिन्यात अमेरिकेने एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडला. पहिल्यांदाच सीझियमचे घड्याळ वर चालले होते. सापेक्षतेची दुरुस्ती खरोखर लागेल का, यावर अभियंत्यांत एकमत नव्हते. म्हणून दुरुस्तीचे यंत्र बसवले, पण बंद ठेवले. सुमारे वीस दिवस घड्याळ तसेच चालू दिले. आइनस्टाइनच्या सिद्धांताने एकावर बारा शून्ये इतक्या भागांत ४४६.५ भागांचा फरक सांगितला होता, मोजला तो ४४२.५ भरला. मग बटण दाबले.

आता ही दुरुस्ती कारखान्यातच होते. उपग्रहाच्या घड्याळाची कंपनसंख्या १०.२३ मेगाहर्ट्झ हवी असते, ती जमिनीवर मुद्दाम १०.२२९९९९९९५४३ वर लावून वर पाठवतात. वर गेले की काळ बदलतो आणि ती आपोआप बरोबर होते. सिद्धांतावर एवढा भरवसा ठेवून आगाऊ चुकीचे लावलेले घड्याळ, ही मला सापेक्षतेची सर्वांत मोठी पावती वाटते.

जीपीएससारख्याच आपल्या नाविक यंत्रणेचे उपग्रह आणखी वर, ३६,००० किलोमीटरवर. तिथला फरक दिवसाला साधारण ४६ मायक्रोसेकंदांचा येतो. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला आणि त्याची परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह शाबूत, घड्याळ नाही, म्हणजे जागा सांगण्याचे काम संपले. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ बरोबर भारतात बनवलेले रुबिडियम घड्याळ वर गेले. बातम्यांत या एका ओळीवर जितका वेळ थांबायला हवे होते तितके कुणी थांबले नाही.

*

आपले प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२.५ अंश पूर्व. शेंदूरजनाघाट ७८.३ च्या आसपास. सूर्य आमच्या डोक्यावर घड्याळापेक्षा सरासरी सतरा मिनिटे उशिरा येतो. हा फरक सोयीसाठी माणसांनी ठरवलेला आहे, उद्या कायदा बदलला तर तोही बदलेल. बोअरच्या तळाचा मायक्रोसेकंद कोणत्याही कायद्याने हलणार नाही.

*

१९०५ च्या मूळ निबंधात आइनस्टाइनने लिहिले होते की विषुववृत्तावरचे घड्याळ ध्रुवावरच्यापेक्षा किंचित हळू चालेल, कारण ते पृथ्वीबरोबर वेगाने फिरते. असे होत नाही. फिरण्यामुळेच पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, तिथले घड्याळ केंद्रापासून जास्त दूर आहे, आणि समुद्रसपाटीवर हे दोन्ही परिणाम बरोबर फिटतात. गुरुत्वाकर्षण काळाला हात लावते हे १९०५ साली त्यालाही माहीत नव्हते. दोन वर्षांनी तो स्वतःच त्या वाटेला लागला.

*

ट्रॅक्टरची बॅटरी.

थंडीच्या दिवसांत सकाळी बागेत जायचे, सेल्फ मारायचा, इंजिन घुर्रर्र करून उचलते. यात सापेक्षता आहे, असे सांगितले तर लोक माझ्याकडे पाहत राहतात, पण आहे. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन. त्यांच्या ओढीने अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या साठ टक्के वेगाने धावतात. इतक्या वेगाला साधे गणित चालत नाही. जो गुणक म्युऑनचे आयुष्य लांबवतो, तोच इथे शिरतो. परिणाम मात्र काळ मंदावण्यापुरता थांबत नाही. इलेक्ट्रॉनच्या कक्षा आक्रसतात आणि ते आक्रसणे बाहेरच्या थरापर्यंत जाणवते. शिशाचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्राला घट्ट बिलगतात. बॅटरीच्या एका पट्टीवर शिशाचे ऑक्साइड असते, त्यात शिशाने हे इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, आणि ते परत मिळवायला ते विलक्षण आतुर असते. ही आतुरता म्हणजेच व्होल्टेज.

२०११ मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधल्या शास्त्रज्ञांनी याचा आकडा काढला. त्यांच्यात भारतीय वंशाचे राजीव आहुजाही होते. एका सेलचे २.१ व्होल्ट, त्यातले १.७ ते १.८ सापेक्षतेमुळे. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल. सापेक्षता काढून घेतली तर बारातले दहाहून अधिक व्होल्ट जातात. उरलेल्या दोनांत सेल्फ फिरणार नाही.

कथील हे आवर्तसारणीत शिशाच्या बरोबर वर बसते. रसायन तसेच, अणू हलका, त्यामुळे हा परिणाम फार थोडा. कथलाची अशी बॅटरी कुणी बनवत नाही.

बॅटरी बसवून देणारा आमच्याकडचा तरुण मिस्त्री हे ऐकून म्हणाला, “मंग पाणी टाकाले इसरले तं आइनस्टाइन काय करन?” काही करणार नाही. पाणी टाकावेच लागेल, आणि टर्मिनलला ग्रीसही लावावे लागेल.

*

सोने पिवळे का? चांदी पांढरी, प्लॅटिनम पांढरे, बहुतेक धातू पांढुरके, मग सोनेच वेगळे का? अणुक्रमांक ७९, आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. कक्षा आक्रसल्यामुळे दोन पातळ्यांमधले अंतर इतके कमी झाले की निळा प्रकाश शोषला जाऊ लागला. निळा गेला, उरला तो पिवळा. चांदीतही ते अंतर आहे, पण मोठे, त्याला अतिनील किरण लागतात, म्हणून डोळ्याला सगळे रंग परत मिळतात. वरूडच्या सराफ्यात मंगळसूत्र घेताना कुणी हे विचारात घेत नाही, घ्यायचे कारणही नाही. मला मात्र सोने पाहिले की हे आठवतेच.

*

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली आली. नावाची आद्याक्षरे उलट वाचली की ज. वि. ना. होतात. जयंत नारळीकर तोवर हॉइलबरोबरच्या सिद्धांतामुळे जगभर ओळखले जात होते. नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. मराठीत कृष्णविवर आणि काळाचा आइनस्टाइनी हिशेब सामान्य वाचकाच्या घरात आणण्याचे श्रेय कुणा एकाला द्यायचे तर त्यांनाच द्यावे लागेल.

त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर, कोल्हापूरचे. केंब्रिजहून परतून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तिथे सापेक्षतेचा अभ्यास रुजवला. प्र. चु. वैद्य त्यांच्याकडेच आले, आणि १९४३ मध्ये प्रकाश उधळणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे उत्तर त्यांनी काढले. ते आजही वैद्यांच्याच नावाने जगभर वापरतात. जयंतरावांचे बिग बँगविषयीचे मत बहुसंख्यांपेक्षा वेगळे होते. ते त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही, आणि लपवलेही नाही. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले.

*

कीर्तनात रेवतीची गोष्ट येते. तिचे वडील तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेले, थोडा वेळ गाणे ऐकत थांबले, तोवर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. गोष्ट सुंदर आहे आणि तिची कल्पनाशक्ती अफाट आहे. पण ‘हे आपल्या पूर्वजांना माहीत होते’ असे तिच्यापुढे जोडले की मला राहवत नाही. ब्रह्मलोक किती वेगाने फिरतो, किती खोल आहे, हे गोष्ट सांगत नाही. तिने ते सांगायचेही नसते. सापेक्षता म्हणजे काळ वेगळा चालतो एवढेच विधान नव्हे. किती वेगळा, हे आधी सांगून नंतर मोजता येणे, म्हणजे सापेक्षता. रेवतीचा मान रेवतीला असू द्यावा.

*

वाशीम ओलांडले की हिंगोली. तिथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्या, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाएवढा बदल टिपायचा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी दोन कृष्णविवरांची टक्कर पकडली. गोंगाटातून असा संदेश वेगळा काढण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर दशकानुदशके काम करत होते. औंढ्याला भाविकांची वर्दळ जुनी आहे. यंत्र उभे राहिले की आमच्या मुलांची सहल तिथे न्यायची.

*

त्याआधी करता येण्याजोगे एक काम अमरावती जिल्ह्यातच आहे.

चिखलदरा १,१०० मीटरच्या वर. पायथ्याशी परतवाडा चारशेच्या आतबाहेर. मधला फरक सुमारे ७०० मीटर. म्युऑन काळ न लांबवता आपल्या सरासरी आयुष्यात कापतो ते अंतर ६६० मीटर. निसर्गाने आणि सातपुड्याने ही दोन मापे जवळजवळ जुळवून ठेवली आहेत. काळ सर्वांचा एकच असेल, तर चिखलदऱ्यावर मोजलेल्या शंभर म्युऑनांपैकी परतवाड्यात जेमतेम पस्तीस उरले पाहिजेत. आइनस्टाइन बरोबर असेल, तर नव्वदीच्या वर.

लागते काय? कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या, दहा सेंटिमीटर बाजूच्या दोन पाट्या, एकावर एक. दोन्हींत एकाच क्षणी चमक आली तरच नोंद धरायची, म्हणजे भलतीच चमक मोजली जात नाही. चमक टिपायला पूर्वी मोठ्या नळ्या लागत, आता नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा पुरतो. तासाला काही हजार म्युऑन मिळतील. चार हजार मोजले की चूक दीड टक्क्याच्या आसपास राहते. पस्तीस आणि नव्वद यांतला फरक ओळखायला एवढी अचूकता गरजेपेक्षा जास्तच आहे.

एक अडचण आहे. सातशे मीटर हवा काही म्युऑनांना अडवते, त्यांचे आयुष्य संपलेले नसते. ही गळती वेगळी काढावी लागते. रॉसीने लोखंड वापरले होते. आपल्याला पाणी चालेल. एवढ्या हवेचे वजन दर चौरस मीटरला साधारण साडेसातशे किलो भरते, म्हणजे पाऊण मीटर पाणी. चिखलदऱ्यावर काउंटरच्या वर प्लास्टिकची टाकी ठेवायची आणि तीत पंचाहत्तर सेंटिमीटर पाणी भरायचे. आता दोन्ही जागी अडथळा सारखा झाला. संख्येत जो फरक उरेल तो म्युऑन मरण्याचा.

मोजमाप एकाच दिवशी करावे, कारण हवेचा दाब बदलला की म्युऑनांची संख्या थोडी हलते. सकाळी परतवाडा, दुपारी चिखलदरा, संध्याकाळी पुन्हा परतवाडा, असे तीनदा मोजले तर दाबाचा फरकही कळतो. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला प्यायच्या पाण्याचीच ओढ असते, तेव्हा टाकीभर पाणी मागू नये. डिसेंबरच्या सुट्ट्या बऱ्या. आंबियाची तोड तोवर बरीचशी उरकलेली असते, आणि बागायतदारांची मुलेही मोकळी असतात.